एअर पिस्तुलाचा ट्रिगर नवीन टाकू की आहे तोच ॲडजस्ट करू?

गिरगाव_१०मीटर

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांबलाय पण नीट सांगितल्याशिवाय उत्तरही नीट मिळणार नाही म्हणून सगळं लिहितो. मी वरळी रेंजला १० मीटर एअर पिस्तूल खेळतो. इतके दिवस क्लबचं पिस्तूल वापरत होतो, आता एका सीनियरकडून सेकंड हँड घेतलंय, युरोपियन मेक, कॉम्प्रेस्ड एअरवालं, मेकॅनिकल ट्रिगर. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण पिस्तुलात दोष आहे असं मला म्हणायचंच नाही, बॅरल एकदम टकाटक आहे, व्हाइसमध्ये धरून मारलं तर पेलेट एकाच भोकातून जातात.

त्रास ट्रिगरचा आहे. फर्स्ट स्टेज (ट्रिगरचा सुरुवातीचा मोकळा प्रवास) हलकी येते, ठीक आहे, पण सेकंड स्टेजला, म्हणजे जिथे अडून मग शॉट सुटतो तिथे, बोट जाऊन टेकलं पाहिजे तसं टेकतच नाही. पावसाळ्यात फुगलेला लाकडी ड्रॉवर ओढतोय असं वाटतं, घासत घासत थोडा सरकतो, थांबतो, परत सरकतो आणि मग कधीतरी शॉट सुटतो. कधी सुटणार हे कळत नसल्यामुळे शेवटी मीच कंटाळून खेचतो आणि शॉट खाली डावीकडे, घड्याळातल्या सातच्या दिशेला जातो. मी उजव्या हाताने मारतो.

आता रेंजवर प्रत्येकाचं वेगळं. एक म्हणतो परदेशातून नवीन ट्रिगर युनिट मागव, दुसरा म्हणतो इलेक्ट्रॉनिकच घे, कायमची कटकट संपेल, आणि तिसरा म्हणतो सिअर काढून दे, बारीक पॉलिश पेपर मारून लोण्यासारखा करून देतो. स्टेटची मॅच जवळ आलीय, पैसेही जपून वापरायचेत, पेलेट आणि रेंज फी मध्येच महिना जातो. काय करू?

लेन_नंबर_चार

पहिली गोष्ट, तो पॉलिश पेपरवाला जो कोणी आहे त्याच्या हातात सिअर देऊ नकोस. कळकळीने सांगतोय.

सिअर म्हणजे हॅमरला अडवून धरणारा छोटासा स्टीलचा तुकडा. त्याची जी कड हॅमरला टेकते ती कंपनीत ठराविक कोनात घासलेली असते आणि वरचा कडक थर अगदी पातळ असतो. हाताने पेपर मारला की दोन गोष्टी होतात, कोन बिघडतो आणि कडक थर निघून खालचं मऊ स्टील उघडं पडतं. सुरुवातीला महिना दोन महिने ट्रिगर खरंच मुलायम लागतो, म्हणून लोकांना वाटतं काम झालं, मग ती कड झिजायला लागते आणि एक दिवस पिस्तूल बेंचवर जरा जोरात ठेवलं तरी शॉट सुटतो. शेजारच्या लेनमध्ये बारा तेरा वर्षांची पोरं उभी असतात, हे लक्षात ठेव.

आता तुझ्या दुखण्याचं. तू जे घासत सरकणं म्हणतोयस त्याला क्रीप म्हणतात आणि वजनाशी त्याचा थेट संबंध नाही. ट्रिगर जड असूनही क्रीप नसेल तर शॉट स्वच्छ सुटतो, आणि ट्रिगर हलका असूनही क्रीप असेल तर माणूस वेडा होतो. आम्ही शिकलो ते जुन्या फाइनवर्कबाऊ ६५ एअर पिस्तुलावर, त्याला ट्रिगरचं वजन ५०० ग्रॅमवरून १३६० ग्रॅम करायची सोय होती, आमचे कोच मुद्दाम १३६० वर टाकून ड्राय फायर (पेलेट न भरता नुसता ट्रिगर दाबणं) करायला लावायचे. एवढा जड असून सुद्धा तो काचेची काडी मोडावी तसा सुटायचा, कारण सिअर आणि हॅमर जेवढे एकमेकांना टेकायला पाहिजेत तेवढेच टेकायचे.

तुझ्या पिस्तुलात हे टेकणं जास्त झालंय असं मला वाटतं. आधीच्या मालकाने स्क्रू फिरवला असेल किंवा आत तेल सुकून चिकट झालं असेल. मुंबईत दुसरं कारण जास्त सापडतं. वरळीची हवा खारट, पावसाळ्यात भिंतींना सुद्धा पाणी सुटतं, लोक गंज येऊ नये म्हणून ट्रिगरमध्ये डब्ल्यूडी फॉर्टीचा फवारा मारतात, ते उडून गेल्यावर मागे जो थर राहतो त्यावर धूळ आणि शिशाची भुकटी बसते. त्याचा असा काळा चिकट लेप होतो की सिअर सरकताना अडखळणारच.

म्हणून आधी सफाई. ग्रिप काढ, बॅरल रिकामी आहे हे डोळ्याने बघ, हवेचा सिलेंडर काढून ठेव. टॉर्च घेऊन आत बघ, काळं दिसलं तर लायटर फ्युएलमध्ये बुडवलेला इअर बड फिरवून ते काढ, पूर्ण सुकू दे, मग मॅन्युअलमध्ये जे ग्रीस सांगितलंय ते टाचणीच्या टोकावर येईल एवढंच, तेही फक्त मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी. ट्रिगर युनिट पूर्ण उघडू नकोस, आत बारीक स्प्रिंगा असतात त्या उडाल्या की सापडत नाहीत.

एवढ्यावर सुटलं तर उत्तम. नाही सुटलं तर स्क्रूकडे वळायचं.

ठाणे_पूर्व

मी इलेक्ट्रॉनिकवर गेलेला माणूस आहे म्हणून माझी बाजू पण मांडतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये बोटाला एक छोटा स्विच दाबायचा असतो, हॅमरचा भार सिअरमार्गे बोटापर्यंत येतच नाही, त्यामुळे प्रत्येक शॉट सारखा लागतो, थंडी असो पाऊस असो. शिवाय ड्राय फायर करताना प्रत्येक वेळी लिव्हर ओढावा लागत नाही, स्विच ऑन ठेवून घरात नुसतं दाबत राहता येतं, ह्याचा मला फार फायदा झाला. मोरिनी १६२ ईआय हे इलेक्ट्रॉनिक पिस्तूल इतके शूटर वापरतात ते काय उगाच नाही.

पण तुझ्या पिस्तुलाला इलेक्ट्रॉनिक किट लावून होईल ह्या भ्रमात राहू नको. बहुतेक कंपन्यांचं इलेक्ट्रॉनिक मॉडेल वेगळंच येतं, म्हणजे नवीन पिस्तूलच घ्यावं लागतं आणि ते लाखांच्या घरात जातं. बॅटरी बघत राहावी लागते, मॅचला जास्तीची बॅटरी बॅगेत लागतेच.

आणि कुठलंही मशीन बंद पडू शकतं. टोक्यो ऑलिंपिकला क्वालिफिकेशन चालू असताना मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर तुटला आणि ते दुरुस्त होईपर्यंत तिची किती मिनिटं गेली ते सगळ्यांनी बघितलं. त्याच मुलीने पॅरिसला २०२४ मध्ये दोन ब्राँझ आणली. म्हणून म्हणतो, स्टेटच्या तोंडावर पिस्तूल बदलू नको, बदलायचंच तर सीझन संपल्यावर.

गिरगाव_१०मीटर

लेन नंबर चार दादा, काल रात्री ग्रिप काढून बघितलं, तुम्ही म्हणालात तसाच काळा थर होता, इअर बडवर आला तो ग्रीसपेक्षा डांबर वाटत होता. साफ केलं. फरक नक्की पडलाय, अडखळणं बरंचसं गेलं पण सेकंड स्टेजला अजून थोडं सरकतंय.

अजून एक, वजन पण बघितलं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा आहे घरात त्याने ट्रिगर ओढून बघितला तर कधी ४७० दाखवतो कधी ५४०. म्हणजे ट्रिगरची स्प्रिंग गेली का? ५०० च्या खाली गेलं तर मॅचला बाद करतात ना?

रेंजवरची_ताई

स्प्रिंगला काही झालेलं नाही बाळा, तो काटा बाजूला ठेव. हुकच्या काट्याने ओढताना तुझा हात किती झटक्याने जातो, हुक ट्रिगरच्या वरच्या टोकाला आहे की खालच्या, ह्यावर आकडा बदलतो. ट्रिगर वरून खिळलेला असतो, वर धरून ओढलं की जास्त जोर लागतो आणि खालच्या टोकाला कमी. म्हणून टेस्ट नेहमी ट्रिगरच्या मधोमध.

मॅचला इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे सामानाच्या तपासणीला, कसं बघतात ते सांगते, म्हणजे घरी पण तसंच करशील. ५०० ग्रॅमचं वजन असतं, त्याला वर एक कड असते. वजन टेबलावर सपाट ठेवलेलं, पिस्तूल उभं, बॅरल सरळ वर छताकडे, पिस्तूल कॉक केलेलं (लिव्हर ओढून शॉटला तयार) आणि एअर चार्ज झालेली. एअर चार्ज हा मुद्दा बरेच जण विसरतात, नुसत्या ड्राय फायर मोडवर तोलून चालत नाही. मग ती कड ट्रिगरच्या मध्यावर अडकवायची आणि पिस्तूल सावकाश सरळ वर उचलायचं. वजन टेबलावरून पूर्ण उचललं गेलं आणि शॉट सुटला नाही तर पास. तीन प्रयत्न मिळतात. उचलताना हात कापला, वजन झुललं तर ५०० पेक्षा जास्त भार पडतो आणि चांगलं पिस्तूल पण सुटतं, म्हणून उचलायची पण प्रॅक्टिस हवी. मॅच झाल्यावर सुद्धा रँडम चेक होतो, त्यात नापास झालं तर डिस्क्वालिफाय, मग ५७० मारलेले असोत नाहीतर ५८०. माझ्या मुलांना मी ५०० वर काठावर सेट करूच देत नाही, दहा वीस ग्रॅम वर ठेवायचं, त्याने स्कोअर एका पॉइंटने सुद्धा कमी होत नाही.

आता स्क्रूचं. लेन नंबर चार ह्यांनी सफाई सांगितली ती अगदी बरोबर, आता ॲडजस्टमेंटला हात घालायला हरकत नाही, पण मॅन्युअल समोर उघडून. प्रत्येक मेकमध्ये स्क्रूची जागा वेगळी, तरी साधारण चार गोष्टी बदलता येतात. फर्स्ट स्टेजचं वजन, सेकंड स्टेजचं वजन, सिअर किती टेकतो ते, आणि शॉट सुटल्यावर ट्रिगर मागे किती जातो तो स्टॉप. फिरवायच्या आधी प्रत्येक स्क्रूवर मार्करने रेघ मार, मोबाईलवर फोटो काढ, म्हणजे कुठून सुरू केलं ते हरवणार नाही. एका वेळी एकच स्क्रू आणि तोही पाव आट्याच्या वर नाही.

आधी सिअरचा स्क्रू, कारण तुझी तक्रार तिथली आहे. थोडा फिरव, ड्राय फायर करून बघ, सरकणं कमी झालं की अजून थोडा. एक वेळ अशी येते की सेकंड स्टेज लागतच नाही, फर्स्ट स्टेज संपता संपताच सुटतं. तिथून मागे यायचं, चांगला अर्धा आटा, अगदी काठावर सोडायचं नाही. मग ड्राय फायर मोडवर कॉक करून ग्रिपच्या बुडाला तळहाताने ठोकून बघायचं, सगळ्या बाजूंनी, बॅरल टार्गेटकडेच. एकदाही सुटलं तर टेकणं कमी पडतंय, अजून मागे घे. ही टेस्ट झाल्याशिवाय पेलेट भरायचा नाही, हे माझ्या रेंजवर सगळ्यांना माहितीय.

वजनाची वाटणी मला विचारशील तर फर्स्ट स्टेजला साडेतीनशे चारशेच्या आसपास आणि उरलेलं सेकंडला. नवीन मुलं उलट करतात, फर्स्ट स्टेज अगदी हलकी ठेवतात कारण दुकानात हातात घेतल्यावर भारी वाटतं. पण मग सेकंड स्टेजला एकदम मोठा डोंगर चढावा लागतो आणि तिथेच झटका बसतो. बहुतेक भार आधीच बोटावर आलेला असला की शेवटचं थोडंसं वजन आपोआप येतं. स्टॉप असा लाव की शॉट सुटल्यावर ट्रिगर किंचित मागे जाऊन थांबेल. फार आधी थांबवला तर तो सुटण्याआधीच अडेल आणि शॉट सुटणारच नाही.

पण खाली डावीकडे जाणारे शॉट ट्रिगर युनिट बदलून जाणार नाहीत, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. गणित कर. पुढची साइट आणि मागची साइट ह्यांच्यात साधारण ३२ सेंटीमीटर अंतर असतं. बोटाच्या झटक्याने पुढची साइट एक मिलिमीटर जरी हलली तरी १० मीटरवर शॉट तीस एक मिलिमीटर सरकतो. एकेक रिंग ८ मिलिमीटरची, म्हणजे दहाचा सरळ सात नाहीतर सहा होतो. दहाचं वर्तुळ तर सगळं मिळून साडेअकरा मिलिमीटर. हात डुलतो त्याने एवढं नुकसान होत नाही, डुलताना दोन्ही साइट एकत्र डुलतात, झटक्याने मात्र त्या एकमेकांपासून सुटतात.

म्हणून बोट बघ. पहिल्या पेराचा मधला मऊ भाग ट्रिगरवर, आणि बोटाचं दुसरं पेर ग्रिपच्या लाकडाला लागता कामा नये. ग्रिप आणि बोट यात कागद सरकेल एवढी जागा हवी, नाहीतर दाबताना बोट लाकडाला ढकलतं आणि बॅरल डावीकडे जाते. सेकंड हँड ग्रिप दुसऱ्याच्या हाताची असते. लाकूड लागत असेल तर तेवढंच कानशीने घास. तळव्यात पोकळ वाटत असेल तर वुड पुट्टी लाव. पिस्तूल ४२ बाय २० बाय ५ सेंटीमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे तेवढं सांभाळ. ट्रिगरचं ब्लेड पण पुढे मागे सरकतं आणि थोडं वळतं, ते तुझ्या बोटाच्या लांबीला जुळव. ह्याला पैसे लागत नाहीत आणि माझ्या बघण्यात नवीन ट्रिगरपेक्षा ह्याने जास्त पॉइंट येतात.

आठवडाभर रोज पांढऱ्या भिंतीवर ड्राय फायर, टार्गेट नाही, काळा गोल नाही, फक्त पुढची साइट. क्लिक झाल्यावर साइट जागची हलली नाही तर तो शॉट चांगला. हलली तर कुठल्या दिशेला हलली ते वहीत लिही.

विक्रोळी_मारुती

चांगली चर्चा चाललीय म्हणून मध्येच विचारतो. माझ्याकडे लायसन्सचं ३२ बोअरचं छोटं पिस्तूल आहे, स्वसंरक्षणासाठी घेतलेलं. ट्रिगर फार जड आहे. वरच्या पद्धतीने हलका करता येईल का? नेटवर परदेशी लोक घरी बसून ट्रिगर बदलताना दिसतात.

लेन_नंबर_चार

नाही भाऊ, इथे वर जे लिहिलंय ते फक्त मॅचच्या एअर पिस्तुलासाठी, ते तुझ्या पिस्तुलाला लावू नकोस. आपल्याकडे आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती, फेरफार, टेस्टिंग ही कामं लायसन्सवाल्यानेच करायची असतात. तू ज्या डीलरकडून घेतलंस त्याच्याकडे लायसन्स घेऊन जा, खरंच काही अडकत असेल, गंज असेल, तर तो बघेल.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते जडपण कारणाने दिलेलं असतं. एअर पिस्तूल रेंजवर केसमधून निघतं, तोंड टार्गेटकडे ठेवून भरलं जातं, ५०० ग्रॅम तिथे चालतं. स्वसंरक्षणाचं पिस्तूल कमरेला, कपाटात, घाबरलेल्या हातात असतं. घामाने भिजलेलं आणि थरथरणारं बोट ट्रिगरवर गेलं तर जडपणच वाचवतं. रेंजवर सुद्धा २५ मीटर पिस्तूल, जे आपली कोल्हापूरची राही सरनोबत खेळते, त्याला कमीत कमी १००० ग्रॅमचा ट्रिगर लागतो, एअर पिस्तुलाच्या दुप्पट. ट्रिगर जड वाटतो तर रिकाम्या पिस्तुलावर, डीलरला विचारून स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) घालून, बोटाला सवय कर.

विक्रोळी_मारुती

समजलं. डीलरकडेच नेतो. धन्यवाद दादा.

गिरगाव_१०मीटर

ताई, तुमचं वाचून लगेच ग्रिप बघितली. बोटाचं दुसरं पेर लाकडाला चांगलंच टेकतंय, लाकूड तिथे गुळगुळीत आणि काळपट झालंय, म्हणजे आधीच्या मालकाचं पण तिथे लागत असणार. कानस मारली, आता कागद सरकतो. ब्लेड एक खाच पुढे घेतलं कारण माझी बोटं लांब आहेत.

सिअरचा स्क्रू फिरवला, मार्करची रेघ मारून. सरकणं जवळजवळ गेलं, आता भिंत लागते आणि मग सुटतं. तळहाताने ठोकून बघितलं, सुटलं नाही. फक्त वजनाचं अडलंय, ५०० ग्रॅमचं प्रॉपर टेस्ट वेट माझ्याकडे नाही. वाण्याकडचं वजन चालेल का? आणि लोकलने पिस्तूल आणताना काही प्रॉब्लेम येतो का, आतापर्यंत क्लबमध्येच ठेवायचो.

रेंजवरची_ताई

शाब्बास, ग्रिपचं केलंस ते फार बरं झालं.

वाण्याच्या वजनाला हुक आणि दोरी लावलीस की दोरीचं हुकाचं वजन वाढतं आणि ते गोल फिरतं, ट्रिगरच्या मध्यावर बसत नाही. अंदाज घ्यायला ठीक, त्यावर मॅचला उभं राहू नकोस.

लोकलचं म्हणशील तर पिस्तूल पेलेट न भरता, सिलेंडर उतरवून, कुलूपवाल्या कडक केसमध्ये, आणि केस साध्या सॅकमध्ये. वर कंपनीचं नाव, पिस्तुलाचं चित्र असलं काही दिसू देऊ नकोस, गर्दीत कोणी घाबरलं तर पुढचा अर्धा दिवस स्टेशनवर जाईल. ४.५ मिलिमीटरच्या मॅच एअर पिस्तुलाला लायसन्स लागत नाही हे खरं, पण चेकिंगला उभा असलेला प्रत्येक जण ते जाणतोच असं नाही, म्हणून बिलाची कॉपी, क्लबचं कार्ड, मॅचचं एंट्री लेटर जवळ ठेव. दादर चर्नी रोड करताना डब्यात केस उघडायची नाही, कोणी दाखव म्हणालं तरी नाही. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तव्यावर गरम करून परत वापर.

सिलेंडरवरची तारीख पण एकदा बघून घे, सेकंड हँड आहे म्हणून सांगते. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेला सिलेंडर कंट्रोलला अडवतात. ट्रिगरवर घालवणार होतास ते पैसे वेळ पडली तर तिथे लागतील.

टेस्ट वेट माझ्या बॅगेत असतं. शनिवारी सकाळी मी वरळीलाच आहे, ज्युनियरची बॅच संपली की ये, एअर भरून उभं धरून तोलू, सेकंड स्टेज जड हलकी करायची असेल तर तिथेच करू.

गिरगाव_१०मीटर

येतो ताई. सिलेंडरवर २०१९ छापलंय, म्हणजे अजून चालतोय. एलन की आणि मॅन्युअलची प्रिंट घेऊन येतो.

रेंजवरची_ताई

चालेल. पिस्तूल गेटवर बाहेर काढू नकोस, सरळ फायरिंग पॉइंटला आण.